वाचक विचारतात: शुगरवाल्या मांजरीला सारखं लघवीचं इन्फेक्शन का होतं?

मांजरांच्या डायबेटिसबद्दल मागे या सदरात लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न लघवीच्या इन्फेक्शनचे आहेत. त्यातले काही निवडून घेतलेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, पण बाकीच्यांनीही ते वाचा कारण पुढच्या उत्तरांचा बराचसा पाया तिथेच आहे.

प्रश्न: आमची मनी 11 वर्षांची, ऑपरेशन झालेली, वजन साडेसहा किलो. 8 महिने झाले दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू आहे. गेल्या 5 महिन्यांत दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, दोन्ही वेळा अँटिबायोटिक दिलं, बरी झाली असं वाटलं आणि परत तेच. शुगर कधी 180 तर कधी 380 येते. सगळं वेळच्या वेळी करूनही असं होतंय म्हणून अगदी रडकुंडीला आलेय. माझं काय चुकतंय आणि परत होऊ नये म्हणून घरी काय करू? — मनीची आई

उत्तर: ताई, आधी एक सांगते, 8 महिने रोज दोनदा सुई देणं ही साधी गोष्ट नाही, त्यामुळे चुकतंय वगैरे मनातून काढून टाका. आपण नीट कारण शोधू.

निरोगी मांजराची लघवी खूप घट्ट असते. कमी पाणी पिऊन जगणारा प्राणी आहे तो, त्यामुळे किडनी लघवी अगदी आटवून बाहेर टाकते आणि अशा घट्ट लघवीत बॅक्टेरियाला वाढणं अवघड जातं, हा मांजराचा जन्मजात बंदोबस्तच म्हणा. डायबेटिसमध्ये नेमका तोच मोडतो. रक्तातली शुगर साधारण 250 ते 290 च्या वर गेली की किडनीला ती अडवता येत नाही, साखर लघवीत उतरते, साखर आपल्याबरोबर पाणी ओढते, मग लघवी भरपूर, पातळ आणि वर गोड. त्यात शुगर सतत वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. बॅक्टेरिया बहुतेक वेळा घरचाच असतो, ई. कोलाय, म्हणजे शीमधला, तो मागच्या बाजूने लघवीच्या जागेपर्यंत पोचतो आणि वर चढतो. मादीची लघवीची नळी आखूड असते म्हणून तिला धोका जास्त. डायबेटिस असलेल्या 100 मांजरांची लघवी कल्चर केली, म्हणजे लॅबमध्ये त्यातले बॅक्टेरिया वाढवून बघितले, तर साधारण 10 ते 13 जणांत बॅक्टेरिया सापडतात, म्हणजे मनी काही जगावेगळी नाहीये.

आता तिच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न असा की दोन्ही वेळा कल्चर केलं होतं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. 6 महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं की त्याला आम्ही वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतो आणि तिथे अंदाजाने औषध देणं थांबवावं लागतं. पोटातून बारीक सुई थेट लघवीच्या पिशवीत घालून नमुना काढतात, ऐकायला भयंकर वाटतं पण बहुतेक मांजरी रक्त घेताना जेवढ्या हलतात तेवढ्याही हलत नाहीत, आणि तो नमुना कल्चरला पाठवला की कुठला बॅक्टेरिया आहे आणि कुठल्या औषधाने मरतो हे दोन्ही कळतं. लिटरमधून, म्हणजे तिच्या शी-शूच्या बॉक्समधल्या वाळूतून, गोळा केलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळलेले असतात, कल्चरसाठी ती कामाची नाही. आणि नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्यायचा, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला अजिबात संकोचू नका.

दोन कल्चर हातात आले की खरी गोष्ट उलगडते. दोन्ही वेळा तोच बॅक्टेरिया निघाला तर तो गेलाच नव्हता, कुठेतरी दडून बसलाय, किडनीत किंवा पिशवीतल्या खड्यात किंवा पिशवीच्या भिंतीत, मग सोनोग्राफी आणि एक्स-रे करायचे. दर वेळी वेगळा निघाला तर नवा नवा आत शिरतोय, मग दार का उघडं राहतंय ते बघायचं, म्हणजे शुगर, वजन, स्वच्छता. 11 वर्षांची आहे तर किडनी आणि थायरॉइडची रक्त तपासणीही करून घ्या, कारण या दोन्ही आजारांतही लघवीचं इन्फेक्शन जास्त दिसतं आणि शुगर आहे म्हटल्यावर सगळं खापर शुगरवर फोडून बाकीचं राहून जातं.

आता शुगर. 180 ते 380 म्हणजे दिवसातला बराच वेळ लघवीत साखर जातेय. डोस बदलायचं काम तुमच्या डॉक्टरांचं, पण त्यांना शुगरचा पूर्ण 12 तासांचा कर्व्ह, म्हणजे आलेख, करून द्या, दर दोन तासांनी घरीच कानाच्या कडेला टोचून मोजलेला, घरी मांजर शांत असतं, दवाखान्यात नुसत्या भीतीनेही शुगर वाढलेली दिसते. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज एकाच मापाची आहे ना तेही एकदा वाचून बघा, यू-40 (एका मिलीत 40 युनिट) ची यू-40 शी आणि यू-100 ची यू-100 शी, यात गल्लत झाली की डोस अडीच पटीने इकडचा तिकडे होतो. आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा, इन्फेक्शनमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो म्हणून शुगर चढते, अशा वेळी घाबरून स्वतःच्या मनाने डोस वाढवला आणि मग औषधाने इन्फेक्शन गेलं की तोच डोस अचानक जास्त होतो आणि मांजर लो होतं, म्हणजे शुगर धोकादायक खाली जाते. झोकांड्या, लटपट, अंगात जोर नसणं, झटके ही लोची लक्षणं, हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना. म्हणून अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये आणि नंतरचा आठवडाभर शुगर रोजच्यापेक्षा जास्त वेळा मोजा. शुगर छान झाली म्हणजे इन्फेक्शन परत होणारच नाही अशी खात्री मी देणार नाही, चांगला कंट्रोल असलेल्या मांजरांनाही होतं, पण लघवीतली साखर थांबवल्याशिवाय बाकीच्या उपायांना फारसा अर्थ राहत नाही.

वजन साडेसहा किलो आहे म्हणजे माझ्या मते मनीची जीभ मागे पोचत नसणार. एकदा दिवसाउजेडी शेपटी वर करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या जाड मांजरींमध्ये मी हे नेहमी बघते, वरून अंग चकचकीत आणि शेपटीखाली केसांच्या जटा, लघवीतल्या साखरेने चिकट झालेल्या, त्यात लिटरचे कण आणि वाळलेली शी अडकलेली, खालची कातडी लालबुंद. तिथले केस ट्रिमरने अगदी बारीक करून घ्या, कात्री वापरू नका, मांजराची कातडी पातळ असते, कापते. रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुढून मागे पुसा आणि कोरडं करा, साबण नको, अँटिसेप्टिक तर अजिबात नको. वजन हळूहळू उतरवायचं, उपाशी ठेवून नाही, जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी लिव्हर बिघडतं.

लिटर बॉक्स दिवसातून दोनदा उपसा. डायबेटिस असलेली मांजर इतकी लघवी करते की एका दिवसात बॉक्सचा चिखल होतो आणि तिला तिथेच बसावं लागतं. घरात जेवढी मांजरं त्याहून एक बॉक्स जास्त ठेवा, वास नसलेलं गोळे होणारं लिटर घ्या आणि बॉक्सची एक बाजू बुटकी असू द्या. डायबेटिसमध्ये कधी कधी मागच्या पायांच्या नसा कमजोर होतात आणि मांजर टाचा टेकवून चालायला लागतं, अशा मांजरीला उंच काठ चढणं जड जातं, मग ती लघवी तुंबवून धरते किंवा बाहेर करते आणि आपण म्हणतो मुद्दाम करते.

गोळे होणाऱ्या लिटरचा आणखी एक फायदा आहे. रोज किती गोळे निघाले आणि केवढे निघाले हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, दोन शब्दांत, बस. गोळे मोठे होत चालले म्हणजे शुगर चढतेय. गोळे अचानक सुपारीएवढे बारीक आणि सात-आठ झाले म्हणजे पिशवी चुरचुरतेय, थेंब थेंब होतंय. गोळाच नाही म्हणजे त्याच मिनिटाला उठायचं. डायबेटिस असलेल्या मांजरीत इन्फेक्शन पुष्कळदा काही लक्षण न दाखवता येतं, रडणं नाही, रक्त नाही, फक्त इतके दिवस सरळ असलेली शुगर विनाकारण चढू लागते. तुमचं ते 380 कदाचित त्याचंच असेल, म्हणून कल्चर करायला उशीर करू नका. आणि या वेळचा कोर्स संपल्यावर 5 ते 7 दिवसांनी परत एक कल्चर करायचं का हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न: रूटीन तपासणीत आमच्या डायबेटिक मांजरीच्या लघवीत बॅक्टेरिया निघाले पण तिला काहीच त्रास नाही, खातेपिते, खेळते, शुगरही छान आहे. एक डॉक्टर म्हणतात अँटिबायोटिक द्या, दुसरे म्हणतात नको. आम्ही कुणाचं ऐकायचं?

उत्तर: मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूची. पूर्वी आम्हीही रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया दिसले की औषध लिहायचो, डायबेटिस असला तर नक्कीच. आता तसं करत नाहीत. प्राण्यांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लक्षणं नसतील तर लघवीत नुसते बॅक्टेरिया आहेत म्हणून अँटिबायोटिक देऊ नये, आणि त्यात डायबेटिसवाल्यांना सरसकट अपवाद केलेला नाही. औषधाने ते बॅक्टेरिया जातात पण बऱ्याचदा त्यांच्या जागी नवे येतात आणि ते औषधाला दाद न देणारे असू शकतात, मग खरं इन्फेक्शन होईल तेव्हा हातात काय उरणार.

पण लक्षण नाही म्हणजे काय हे डायबेटिसमध्ये नीट तपासायला हवं. शुगर कारण नसताना बिघडली असेल, ताप असेल, खाणं कमी झालं असेल, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) आले असतील, सोनोग्राफीत किडनीला सूज दिसत असेल तर त्याला मी लक्षण नाही असं म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही नाही, तर लक्ष ठेवा, गोळे बघा, औषध नको.

साध्या पिशवीच्या इन्फेक्शनला हल्ली 3 ते 5 दिवसांचा कोर्स पुरतो असं मानतात, किडनीपर्यंत गेलं असेल तर 10 ते 14 दिवस. पूर्वी दोन-तीन आठवडे औषध चालायचं, त्यामुळे डॉक्टरांनी कमी दिवस लिहून दिलं तर त्यांनी हयगय केली असं समजू नका, आणि जितके दिवस लिहिलंय तितके मात्र पूर्ण करा.

प्रश्न: आमचा बोका 6 वर्षांचा, त्यालाही डायबेटिस आहे. कालपासून सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, पण लघवी होत नाही, एकदा उलटी केली. इन्फेक्शन असेल तर घरी काय देऊ?

उत्तर: या पत्राला आम्ही आलं त्याच तासाला फोनवर उत्तर दिलं, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. हे इन्फेक्शन समजून घरी काही देत बसायची वेळ नाही. बोक्याची लघवीची नळी टोकाला अगदी अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं, एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असो, सुट्टी असो, उघडा असलेला दवाखाना गाठायचा. पोट दाबून पिशवी रिकामी करायचा प्रयत्न करू नका, फुटू शकते. जाताना शेवटचं इन्सुलिन कधी आणि किती दिलं हे कागदावर लिहून न्या. या बोक्याला त्याच संध्याकाळी नळी घातली, तीन दिवस दवाखान्यात होता, आता घरी आहे.

प्रश्न: क्रॅनबेरीच्या गोळ्या, व्हिनेगर, डी-मॅनोज (एक प्रकारची साखर, पूरक म्हणून मिळते) यातलं काही दिलं तर चालेल का? माझ्या स्वतःच्या लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या उरल्यात, त्यातली पाव दिली तर?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही. माणसांना लघवीची जळजळ कमी व्हायला फेनाझोपायरिडीन देतात, ज्याने लघवी केशरी होते, ते मांजरांना विषारी आहे, रक्तपेशी फुटतात. पॅरासिटामॉलचंही तेच, एका गोळीनेही मांजर दगावतं, पाव, अर्धी असला हिशोब तिथे चालत नाही. उरलेल्या अँटिबायोटिकने बॅक्टेरिया अर्धवट मरतो, कल्चर खोटं येतं आणि काही औषधं मांजरांसाठी वेगळीच अडचण करतात, एन्रोफ्लॉक्सॅसिनचा डोस जास्त झाला तर मांजराची नजर कायमची जाऊ शकते.

क्रॅनबेरीने मांजरांचं इन्फेक्शन टळतं असा भक्कम पुरावा मला तरी दिसलेला नाही. डी-मॅनोजचंही तसंच. बाजारात मिळणाऱ्या क्रॅनबेरीच्या सरबतात तर साखरच असते, ते डायबेटिक मांजरीला द्यायचा विचारही नको. व्हिनेगरने लघवी आंबट करायची कल्पना जुनी आहे पण मांजराची लघवी मुळातच आंबट असते, ती आणखी आंबट केली तर वेगळ्या जातीचे खडे होऊ शकतात, आणि डायबेटिसमध्ये रक्तच आंबट होण्याची भीती असते तिथे हे खेळ कशाला. मला कळतं, काहीतरी नैसर्गिक द्यावंसं वाटतं, हात रिकामे ठेवून बसवत नाही. तो वेळ शेपटीखालचे केस बघण्यात आणि बॉक्स उपसण्यात घाला, त्याचा उपयोग खरोखर होतो.

प्रश्न: ती एवढं पाणी पिते आणि एवढी लघवी करते, मग पाणी कमी ठेवलं तर इन्फेक्शनही कमी होईल ना? आणि कोरडे दाणे बंद करून वेट फूड द्यावं का?

उत्तर: पाणी तोडू नका, कृपा करून तोडू नका. ती पाणी जास्त पिते म्हणून लघवी होत नाहीये, साखरेने पाणी ओढून नेलंय म्हणून तिला तहान लागतेय. पाणी काढून घेतलं तर काही तासांत ती सुकते, किडनीवर ताण येतो आणि पिशवी धुऊन निघायची तीही निघत नाही. वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, रुंद, मिशा न टेकणाऱ्या, जेवणाच्या आणि लिटरच्या जागेपासून लांब. मोजून ठेवलं तर उत्तम, सकाळी मापाने भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. 4 किलोची मांजर दिवसाला 400 मिली पाणी प्यायला लागली तर तो धोक्याचा आकडा आहे, किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे शुगर हातात नाही.

वेट फूडचं उत्तर हो. त्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यात 10 टक्क्यांच्या आसपास, शिवाय चांगल्या वेट फूडमध्ये कार्बोहायड्रेट कमी असतात. पण इथेच एक मोठी चूक होते. जेवण बदलल्यावर काही मांजरींची इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, डोस जुनाच राहिला तर रात्रीत लो होतं. त्यामुळे आधी डॉक्टरांना सांगा, मग आठवडा-दीड आठवड्यात थोडं थोडं करून बदला, रोज शुगर मोजत. आणि लघवीच्या त्रासासाठी मिळणारे खास कोरडे दाणे डायबेटिसला चालतीलच असं नाही, काहींमध्ये कार्बोहायड्रेट बरेच असतात, पाकिटावर लघवीचं चित्र बघून घेऊ नका.

प्रश्न: इन्सुलिनऐवजी तोंडावाटे देतात ती नवी औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात म्हणे. मग इन्फेक्शन वाढणार नाही का?

उत्तर: शंका अगदी बरोबर आहे. बेक्साग्लिफ्लोझिनला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2022 मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला ऑगस्ट 2023 मध्ये मांजरांसाठी मंजुरी दिली. ही औषधं किडनीला साखर परत घेऊ देत नाहीत, त्यामुळे रक्तातली शुगर उतरते पण लघवी कायम गोड राहते. म्हणून आधीच सारखं इन्फेक्शन होणाऱ्या मनीसारख्या मांजरीसाठी मी स्वतः ती निवडणार नाही. सध्या इन्सुलिनवर आहे तिचं इन्सुलिन थांबवून ही सुरू करणं तर फार धोक्याचं, कारण यात रक्तातली शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आंबट होणं, होऊ शकतो आणि मालक मीटरचा आकडा बघून निर्धास्त राहतो.

प्रश्न: घरी लघवीच्या पट्टीवर पांढऱ्या पेशींचा चौकोन जांभळा येतो. म्हणजे इन्फेक्शन आहे का?

उत्तर: मांजरांमध्ये त्या चौकोनावर विश्वास ठेवू नका, इन्फेक्शन नसतानाही तो रंगतो. नायट्राइटचा चौकोनही कामाचा नाही. पट्टी फेकू मात्र नका, तिच्यातले दोन चौकोन सोन्यासारखे आहेत, साखर आणि कीटोन. लिटर बॉक्समध्ये पाणी न शोषणारे प्लास्टिकचे बारीक मणी घाला नाहीतर ती बसली की मागून हळूच लांब दांड्याचा चमचा सरकवा, बहुतेक जणी दोन-तीन दिवसांत सवय करून घेतात आणि वळूनही बघत नाहीत. इन्सुलिनवर असलेल्या मांजरीच्या लघवीत हळूहळू साखर कमी होत गेली की छान चाललंय, बरेच दिवस अजिबात साखर नाही आली तर डोस कदाचित कमी करायला हवा, डॉक्टरांना कळवा. कीटोनचा चौकोन गुलाबी-जांभळा झाला, त्यात ती जेवत नाहीये किंवा मलूल आहे, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.